एक तास दहा मिनिटं

सारजाबाई : ‘सातव्या माळेच्या आत ये, सारजे. अन् येताना माहेरचं पातळ घेऊन ये. मेल्यावर अंगावर टाकतात ते मला दिसायचं नाय. मला डोळ्यांनी बघून नेसायचंय.’ असं म्हणली अक्का गोंदियाहून फोनवर. परवापासून तिचा आवाज कानातून जात नाय बघ. आरती म्हणताना मधीच तीच बोलते. आज पाचवी माळ झाली. तू येईना म्हणून मी धा डाव दारात जाऊन आले.

बन्सी : आई, आधी पाणी दे.

सारजाबाई : घे. रातपाळी सातला सुटती ना तुझी? साडेनऊ झाले. शेजारचा मजीद कधीच आला. हसीना त्याला जेवू घालून, भांडी घासून, शिलाईला बी बसली.

बन्सी : मी कंपनीतून सरळ चिकलठाण्याला गेलतो. विमानतळावर.

सारजाबाई : बाई ग! सगळी रात उभा राहून परत तिकडं? वाळूज गावाच्या ह्या टोकाला, चिकलठाणा त्या टोकाला. फोनवरच निघतं म्हणत होतास ना तिकीट?

बन्सी : फोनवर निघत नव्हतं. म्हणून तर गेलो.

सारजाबाई : बरं केलंस. माणसाशी बोललेलं बरं असतं. मंग किती वाजताचं हाय उद्याचं? मी सगळं लावून ठेवलंय बघ. काल हसीनाला घेऊन शहागंजातून पातळ आणलं. दुकानदार बिनकाठाचं पांढरं काढून काढून दाखवत होता. मी म्हणलं, नको बाबा, बारीक निळ्या काठाचं दे. अक्काला निळं लई आवडायचं. उद्या अकराला दिव्याची वाटी तेलानं काठोकाठ भरते. ही वाटी सहा तास जाती, एकतीस वर्षं बघतेय मी. बाराला इमानात बसले, सव्वाला तिथं. पातळ नेसवलं, दोन घटका तिच्या उशाशी बसले, चारला परत इथं. पाचच्या आत तेल. दिव्याला कळायचं बी नाय मी जाऊन आले ते.

बन्सी : तू खाली बस आधी.

सारजाबाई : बसलेलीच हाय की. नऊ दिस बसायचंच काम माझं. बोल.

बन्सी : विमान नाही, आई.

सारजाबाई : उद्याचं नाय? मंग परवाचं बघ. परवा सातवी लागती, पण सकाळचं असलं तर चालंल.

बन्सी : परवाचंही नाही. कधीचंच नाही. इथून गोंदियाला विमान जातच नाही.

सारजाबाई : जात नाय कसं? तूच वाचून दाखवलंस, ह्याच भिंतीला टेकून. पाचशे बेचाळीस किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. मी दोन डाव विचारलं. तू म्हणलास, लिहिलंय आई.

बन्सी : लिहिलंच आहे. अजून पण तसंच लिहिलंय, हे बघ. ते पान खोटं नाही. ते नुसती रेघ ओढतं. इथलं चिकलठाणा अन् तिथलं ते बिरसी, दोन विमानतळ. मधली सरळ रेघ किती लांब, अन् विमान तिच्यावरून गेलं असतं तर किती वेळ लागला असता. तेवढंच सांगतं ते.

सारजाबाई : गेलं असतं तर.

बन्सी : हो.

सारजाबाई : म्हणजे जे इमान जातच नाय, त्याला जायला किती येळ लागतो ते लिहून ठेवलंय.

बन्सी : हो.

सारजाबाई : कशाला?

बन्सी : मला काय माहीत कशाला! त्या दिवशी मी पण रातपाळी करूनच आलो होतो. तू विचारलंस, गोंदियाला विमानानं किती वेळ लागतो. मी दोन गावांची नावं टाकली, जे आलं ते वाचलं. विमान आहे का नाही, हे बघायचं डोक्यातच आलं नाही. वेळ लिहिलीय म्हणजे विमान असणारच ना, असं वाटलं. आज त्या खिडकीतला माणूस म्हणाला, ‘भाऊ, गोंदियाला कुठलं विमान?’ मी फोन काढून दाखवला. त्यानं मागच्याला बोलावून दाखवला. दोघं हसले. मग माझ्या कपड्यावरचं ऑइल दिसलं त्यांना, तेव्हा गप झाले.

सारजाबाई : पण अक्काच्या पत्र्यावरून रोज इमान जातं रे. किती वर्षं ऐकतेय मी फोनवर. बोलता बोलता ती म्हणती, थांब सारजे, इमान जाऊ दे. मंग घर्रर्र आवाज येतो, अन् आम्ही दोघी गप बसून राहतो. ते कुठून येतात मंग?

बन्सी : ते विचारलं मी. तिथं विमान चालवायला शिकवतात म्हणे. शिकणारी पोरं घिरट्या घालतात अन् तिथंच उतरतात. आपल्यासारखी माणसं बसवून न्यायचं विमान इथून तिथं जातच नाही.

सारजाबाई : घिरट्या घालतात.

बन्सी : हो.

सारजाबाई : मी दाऊदभाईकडं बघून बोलले रे. हसीनाचा सासरा इथूनच तर उडाला हजला. गल्ली सगळी सोडायला गेलती, मी बी गेलते. एवढा म्हातारा माणूस, धड चालता येत नव्हतं, समुद्रापल्याड जाऊन आला. मी म्हणलं, मला तर नुसतं गोंदियाला जायचंय. अन् अक्काला म्हणून बसले, येते म्हणून. घटासमोर बसून म्हणले. नवरात्रात तोंडातून खोटं काढत नाय मी, तुला ठावं हाय.

बन्सी : खोटं नव्हतं ते. तुला तसं वाटलं होतं. चूक माझी आहे.

सारजाबाई : चूक तुझी, पण जीभ तर माझी ना.

बन्सी : दुसरा रस्ता सांगितला त्यांनी. इथून मुंबई, मुंबईहून नागपूर, तिथून रेल्वे.

सारजाबाई : गोंदिया सूर्य उगवतो तिकडं अन् मुंबई मावळतो तिकडं. म्हणजे अक्काकडं जायला आधी तिला पाठ दाखवायची?

बन्सी : तसंच. पण दसऱ्याची गर्दी आहे, परवा रात्रीपर्यंत जागा नाही. ते सोड. येताना स्टँडवर उतरलो होतो. दुपारी साडेतीनला नागपूरची एसटी आहे. उद्या पहाटे नागपूर, तिथून सकाळची रेल्वे. मावशीचा रामकिसन स्टेशनावर घ्यायला येईल, मावशीकडं पोचायला दहा वाजतील. सहावीलाच पोचतेस तू. सातवीच्या आत.

सारजाबाई : साडेतीन ते धा. अठरा तास.

बन्सी : साडेअठरा.

सारजाबाई : अन् यायला?

बन्सी : यायला पण तेवढेच.

सारजाबाई : वाटी सहा तास जाती, बन्सी.

बन्सी : मी बसतो ना दिव्यापाशी. मजीदशी बोललो मी, तो माझ्या दोन पाळ्या करतो. त्याच्या ईदला मी केल्या होत्या.

सारजाबाई : तू नाय. घरातलं दुसरं कुणी असतं तर चाललं असतं. वच्छला असती तरी तिला सांगितलं असतं.

बन्सी : ती बाळंतपणाला माहेरी गेलीय. माघारी कोण आणणार तिला, सातव्या महिन्यात?

सारजाबाई : तेच म्हणते. तू नाय चालायचा. दीड वर्षाचा होतास, घाटी दवाखान्यात पडलेलास, ताप डोक्यात गेलेला. डॉक्टर म्हणले, रात काढली तर वाचंल. मी खाली बसून म्हणले, आईसाहेब, माझ्या लेकराचा दिवा राहू दे, मी तुझा राखीन. जिवंत हाय तवर, दर वर्षी नऊ दिस, माझ्या घरात. तुझी आजी म्हणली, सारजे, ज्याच्यासाठी दिवा, त्यानं त्याला हात लावायचा नसतो. एकतीस वर्षं तुला त्या कोपऱ्यात काडी ओढू दिली नाय मी. अन् तुझं काम ते तसलं. एवढा मोठा लोखंडाचा प्रेस खाली येतो, त्याच्याखाली हात घालायचा. ह्या नऊ दिसात रोज तू गेलास की मी त्याच्याकडं बघते. दिवा जळतोय म्हणजे तू हायेस.

बन्सी : आई, प्रेसला सेन्सर असतो. हात मधी असला तर तो खालीच येत नाही.

सारजाबाई : आसंल. मला सेन्सर कळत नाय, दिवा कळतो.

बन्सी : मग मावशीला काय सांगणार?

सारजाबाई : तेच तर. मागच्या खेपेला काय सांगितलं होतं? हेच. घट बसलेत, अक्का, कसं येऊ. तिसरी माळ होती, अन् दाजी गेल्याचा फोन आला. अकरा वर्षं झाली. बाईचा नवरा गेला म्हणजे माहेरचं माणूस लागतं बन्सी. माहेराचं पातळ अंगावर पडल्याशिवाय ती उठत नाय. आपल्या आईबापामागं माहेर म्हणजे मीच एकटी. अन् मी इथं तेल घालीत बसले. दसरा करून गेले, तवर दहावा दिस. अक्का एक शब्द बोलली नाय. मला चहा करून दिला. नवरा मेलेल्या बाईनं मला चहा करून दिला, बन्सी. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी दर वर्षी गेले असते तिच्याकडं. तो चहा पिला अन् परत जायचं धाडसच झालं नाय.

बन्सी : मला माहीत आहे.

सारजाबाई : तुला कसं माहीत? तू कंपनीत नवा नवा लागलेला.

बन्सी : त्या नवरात्रात तू झोपेत पण अक्का अक्का करायचीस.

सारजाबाई : म्हणून सांगते. ह्या खेपेला ती पहिल्यांदा तोंडानं मागतीय. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं तिला. पोटात पाणी झालंय. सातव्या माळेपुढं तिला काय दिसत नाय. अन् मी परत तेच सांगू? घट बसलेत म्हणून? दिवा सोडला तर लेकरू जाईल, न सोडला तर बहीण जाईल. माझ्याच्यानं आता व्हत नाय रे. लई थकले.

बन्सी : आई, एक सांगू? चिडू नकोस.

सारजाबाई : चिडायला अंगात बळ लागतं. सांग.

बन्सी : त्या दिव्याला मी हात लावलाय.

सारजाबाई : कधी? काल?

बन्सी : अकरा वर्षांपूर्वी. मावसाजी गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. चौथ्या माळेला. तू दिवसभर रडलीस अन् घटापाशीच पडलीस. मी दुसरी पाळी करून आलो. दार उघडलं तर आत अंधार.

सारजाबाई : अंधार कसा असंल? दिवा होता की.

बन्सी : दिवा नव्हता, आई. गेला होता. वाटीत तेलाचा थेंब नव्हता, वात काळी पडलेली. हात लावून बघितला तर वाटी पण गार होती. कधी गेला कुणास ठाऊक.

सारजाबाई : नाय.

बन्सी : मी तेल घातलं. वात पुढं ओढली. काडी ओढली अन् लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन बसलो. सकाळी तू उठलीस, दिवा बघितलास, हात जोडलेस, अन् म्हणालीस, ‘आईसाहेब, तूच राखलास.’ तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तुझं तोंड बघून सांगता आलं नाही. मग सांगायचं राहूनच गेलं.

सारजाबाई : मंग मी कशासाठी थांबले रे?

बन्सी : आई.

सारजाबाई : दिवा गेलाच होता तर मी थांबले कशासाठी? माझी बहीण तिकडं एकटी बसलेली.

बन्सी : आई, हे असं तुला लागावं म्हणून नाही सांगितलं मी.

सारजाबाई : थांब जरा. बोलू नको.

बन्सी : बरं.

सारजाबाई : लावताना काय म्हणलास?

बन्सी : कुणाला?

सारजाबाई : तिला. देवीला. काडी ओढताना मनात काय तरी आलं असंल ना.

बन्सी : काही नाही. आई उठू नये, एवढंच. दोन दिवसांनी तुझा डोळा लागला होता.

सारजाबाई : एवढंच म्हणलास.

बन्सी : हो. अन् मला काही झालं नाही, आई. अकरा वर्षं झाली. लग्न झालं, आता लेकरू होईल. प्रेसवर रोज उभा राहतो. बघ, दहाची दहा बोटं.

सारजाबाई : दाखवू नको, घाण ऑइल हाय त्याला. हात धू.

बन्सी : धुतो. मावशीला फोन लावू?

सारजाबाई : लाव. मला सांगायला पायजे तिला. इमान नाय ते तरी. तेवढं तरी खरं सांगते.

(बन्सी फोन लावून दोघांच्या मध्ये पाटावर ठेवतो. आवाज मोठा केलेला.)

सारजाबाई : अक्का? मी सारजा.

भागूबाई : हाव, बोल. रामकिसननं कानाला लावून ठेवलाय फोन. जोरात नको बोलू, मला आयकू येते.

सारजाबाई : काय खाल्लंस का सकाळधरनं?

भागूबाई : पेज खाल्ली दोन चमचे. काल बी खाल्ली. सूनबाई म्हणते, आत्याबाई, तुमची बहीण यायची म्हणताच तुमाले भूक लागली.

सारजाबाई : अक्का, मी एक चुकीचं बोलले ग. ते एक तास दहा मिनिटाचं.

भागूबाई : थांब सारजे. थांब, जाऊ दे त्याला.

सारजाबाई : जाऊ दे.

भागूबाई : गेलं. सकाळचं हे दुसरं. कोणी नवीन पोरगं असन, लई खालून नेते. हाव, बोल.

सारजाबाई : ते इमान. ते इथून नाय जात तिकडं. बन्सी आज विमानतळावर जाऊन विचारून आला. फोनमधी नुसतं अंतर लिहिलेलं. तुझ्या घरावरनं जातात ती शिकणाऱ्या पोरांची हायेत म्हणे.

भागूबाई : हाव. दोन माणसं बसतात त्यात. एक शिकवणारा अन् एक शिकणारा.

सारजाबाई : तुला ठावं होतं?

भागूबाई : आता रोज डोक्यावरून जाते, ठावं नसन काय? रामकिसन तिथं भिंतीच्या कामाले होता दोन वर्सं. तुझ्या औरंगाबादचं इमान कुठून येते इथं, बाई!

सारजाबाई : मंग परवाच कामून नाय सांगितलंस? मी इकडं तास मोजत बसले. अकराला तेल, सव्वाला तू. तवाच म्हणायचं ना, सारजे, इमान नाय म्हणून.

भागूबाई : तू येते म्हणालीस.

सारजाबाई : व्हय, म्हणले.

भागूबाई : अकरा वर्सांत तू फोन लई केले. औषध विचारलं, अंगारा धाडला. पण ‘येते’ पहिल्यांदा म्हणालीस. मी म्हटलं, असू दे. दोन दिवस तर दोन दिवस, मी कोणाची तरी वाट पाहीन. इमान नाही असं सांगून ते काहून मोडू?

सारजाबाई : अक्का.

भागूबाई : आता तू बी रडू नको. माझं पोट हालते रडलं की.

सारजाबाई : मी रडत नाय. अक्का, तुला एक विचारू? कधी विचारलं नाय. दाजी गेले तवा तुझ्या अंगावर पातळ कुणी टाकलं?

भागूबाई : शेजारच्या मास्तरीणबाईनं. सगळ्या बाया म्हणायल्या, माहेरचं कोण आहे, माहेरचं कोण आहे. कोणीच नाही. मंग ती घरी गेली, तिच्या पेटीतलं कोरं पातळ काढलं. त्याले लाल काठ होता. पायरीवर बसून दातानं धागा तोडून तिनं काठ उसवला, अन् आणून माझ्या अंगावर टाकलं. म्हणाली, आजपासून मी तुमचं माहेर. भली बाई होती. गेली मागल्या साली.

सारजाबाई : तू मला चहा करून दिला होतास.

भागूबाई : मंग काय करू? तू दारात उभी, पाय अनवाणी, भेगातून रक्त येऊन राह्यलेलं. उपासाचं तोंड. लहानपणी भूक लागली की व्हायचं तसं. मला तेच दिसलं. आई मेल्यावर तुले मीच तर खाऊ घालत होती.

सारजाबाई : त्या वर्षी दिवा गेला होता ग, अक्का. मला आता कळलं. चौथ्या माळेलाच गेलता. बन्सीनं परत लावला अन् मला सांगितलं नाय.

भागूबाई : हाव का.

सारजाबाई : व्हय.

भागूबाई : म्हणजे त्या वर्सी आपलं दोघींचं बी गेलं.

सारजाबाई : व्हय.

भागूबाई : पोराले रागावू नको. त्यानं लावला ना परत.

सारजाबाई : नाय रागावले.

भागूबाई : आयक. आता नको येऊ. खरंच सांगते, रुसून नाही. घट बसलेत, अन् तुझं बी वय झालं. गाडीत हाल होतात. ते पातळ धाडून दे रामकिसनच्या नावानं. सूनबाई नेसवन. तुझा आवाज आयकला, झालं.

सारजाबाई : माहेराचं पातळ टपालानं येतं का कुठं?

भागूबाई : आता सगळं येते.

सारजाबाई : तुझं ते ‘हाव हाव’ अन् ‘काहून’ आयकून माहेरची माणसं तुला वळखायची बी नायत. फोन ठेव. बोलून दम लागतोय तुला.

भागूबाई : ठेवते. सारजे, रंग कोणता घेतला?

सारजाबाई : पांढरंच हाय. काठ निळा हाय बारीक.

भागूबाई : बरं केलं.

बन्सी : ठेवला तिनं. आई, काय करायचं? तिकीट काढायचं असलं तर मी आत्ताच जातो. नाही म्हणालीस तरी चालेल. मावशीनंच नको म्हटलंय, तुझ्यावर बोल राहत नाही.

सारजाबाई : ती नको म्हणणारच. ती थोरली हाय. मी कुठं नको म्हणले?

बन्सी : म्हणजे?

सारजाबाई : इकडं ये. हात धुतलेस? साबणानं? मंग बस इथं, पाटावर नको, खाली बस. ही वाटी. तेल वरून ओतायचं नाय, कडेकडेनं सोडायचं, वात बुडाली की विझती. बोटभर रिकामी झाली की घालायचं, सहा तासाच्या भरवशावर राहू नको.

बन्सी : पण आजी म्हणायची ना, ज्याच्यासाठी दिवा—

सारजाबाई : आजीला मी वर गेल्यावर सांगते. तिच्या माघारी त्या वर्षी दसऱ्यापर्यंत तुझ्याच हाताचा दिवा जळला, अन् देवीनं तो चालवून घेतला. तिनं चालवून घेतला तर मी कोण? काजळी धरली तर चिमट्यानं अलगद काढ, फुंकर घालू नको. उद्याची माळ मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय, परवाची तुला ओवायची. येते का?

बन्सी : येईल. प्रेसवर वायर ओवतो मी.

सारजाबाई : वायरीसारखी आवळू नको. फुलं हायेत. अन् तू झोपशील, मला ठावं हाय. रातपाळीचा माणूस, भिंतीला पाठ टेकली की गेला. हसीनाला सांगते, दर चार तासाला भिंत वाजव म्हणून. पहाटेची ती उठतीच नमाजला.

बन्सी : ती म्हणालीच होती मला. ‘भय्या, खाला को जाने दे, मैं जगाती तेरे को.’

सारजाबाई : म्हणजे गल्लीत सगळ्यांना सांगून मंग माझ्याकडं आलास.

बन्सी : तुला सांगायला धीर होत नव्हता. म्हणून आधी तिकडं बसलो जरा.

सारजाबाई : बरं. भगरीचा डबा घेतला, पातळ घेतलं, अंगारा घेतला. पाण्याची बाटली दे ती. गोधडी नको, मला नऊ दिस अंथरूण चालत नाय, बाकावर बसून जाईन.

बन्सी : अठरा तास बसून? उपाशी, पायात काही नाही.

सारजाबाई : साडेअठरा म्हणलास ना मघाशी.

बन्सी : आई, अजून बारा पण वाजले नाहीत. गाडी साडेतीनला आहे.

सारजाबाई : कर्णपुऱ्याला देवीची जत्रा हाय, तिथं रिक्षा अडकती. तिथंच उतरते, कळसाला हात जोडते, अन् स्टँडपर्यंत चालत जाते. खिडकीपाशी जागा मिळंल लवकर गेलं तर.

बन्सी : मी सोडायला येतो. एवढं ओझं घेऊन एकटी कशी जातेस?

सारजाबाई : पातळाचं काय ओझं? तू उठायचं नाय तिथनं.

बन्सी : पोचल्यावर फोन कर. नागपूरला उतरलीस की आधी कर, मी जागाच असेन.

सारजाबाई : करते.

बन्सी : आई—

सारजाबाई : उठू नको म्हणलं ना. दार तेवढं मी गेल्यावर लोटून घे. वारं शिरतंय.